घड्याळवाले मामा

मामांच्या गोठ्यात बैल नाही. दोन म्हशी आहेत, एक शेळी आहे आणि बैल बांधायच्या जागी मुलाचा ट्रॅक्टर उभा आहे. मामांनी जन्मात कधी पटाचा छकडा हाकला नाही, जोडी सोडली नाही, बक्षीस उचललं नाही, कमिटीच्या पावतीपुस्तकावर नाव छापून घेतलं नाही. तरी सेनगावपासून कळमनुरीपर्यंत कुठंही बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट असला, की जोडीचा मालक पिकअपमधून बैल उतरवायच्या आधी विचारतो, "मामा आले का?" या विचारण्यात आदर किती आणि धास्ती किती, याचा हिशेब अजून कुणाला लागलेला नाही.

हिंगोली जिल्ह्यात गाव तिथं असा एक मामा असतोच. कुठं त्याला काका म्हणतात, कुठं आबा, कुठं नुसतंच 'ते आले बघा'. हा पटातला माहीतगार. पटात मालक पैसा घालतो, धुरकरी जीव घालतो आणि माहीतगार तोंड घालतो. पण पैसा संपतो, जीव थकतो; तोंडाचं तसं नाही. म्हणून पट मोडून मंडप सुटला, बैल आपापल्या गावी गेले, तरी माहीतगाराचा पट पुढल्या माघापर्यंत चालूच राहतो.

ज्यांनी फक्त साताऱ्या-सांगलीकडच्या शर्यती पाहिल्यात त्यांना आमचा पट आधी समजत नाही. तिकडं एका वेळी अनेक गाड्या सुटतात आणि पुढं कोण आलं हे आंधळ्यालाही धुरळ्यावरून कळतं. आमच्याकडं पट सेकंदाचा. सरळ धावपट्टी, दोन्ही अंगांना दोर, दोरामागं माणसं, माणसांमागं झाडावर चढलेली माणसं. हलका छकडा, त्यावर एकटा धुरकरी, पुढं दोन बैल. झेंडी पडली की घड्याळ सुरू, पलीकडची रेघ ओलांडली की बंद. सगळा कारभार सहा, सात, फार तर आठ सेकंदांचा. पुन्हा निकाल लागतो तो दशांशचिन्हाच्या पुढच्या दोन आकड्यांवर. जोडी कुणाशी पळत नाही, काळाशी पळते. आणि काळ मोजायचा अधिकार आपल्याकडं आहे, अशी मामांची ठाम समजूत आहे.

हा अधिकार मामांच्या गळ्यात लोंबत असतो. काळ्या दोरीचं स्टॉपवॉच. हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, तिथून घेतलेलं. नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला जातानाही ते काढत नाहीत. पटाच्या दिवशी मामा शेवटच्या रेघेच्या अगदी समोर, दोराच्या अलीकडं, एक पाय पुढं टाकून उभे राहतात. उजव्या हाताचा अंगठा बटणावर, डावा हात धुरळ्यासाठी कपाळावर. जोडी सुटली की मामांचा श्वास थांबतो. रेघ ओलांडली की अंगठा पडतो. मग ते घड्याळ डोळ्यांपासून लांब धरतात, जवळ आणतात, शेजारच्या पोराला दाखवतात आणि स्पीकरवरून कमिटीचा आकडा यायची वाट बघतात.

"सहा सत्तेचाळीस!" स्पीकर म्हणतो.

"सहा एकोणपन्नास," मामा म्हणतात.

स्पीकरचा आवाज चार शिवारं ऐकतात, मामांचा पंधरा माणसं. पण त्या पंधरांत दुसऱ्या नंबराचा मालक हमखास असतो. दोन शतांशांनी हुकलेल्या माणसाला जगात दोनच आधार असतात, एक देव आणि दुसरे मामा. देव तिथल्या तिथं बोलत नाही. त्यामुळं संध्याकाळी पहिल्या नंबराचा मालक बक्षीस घेऊन घरी जातो आणि दुसऱ्या नंबराचा मालक मामांना जेवायला घेऊन जातो. पिढ्यान्‌पिढ्या बक्षीस वाटणाऱ्यांपेक्षा सांत्वन वाटणाऱ्यांचं पोट जास्त भरलंय, हे मामांच्या अंगलटीवरून दिसतं.

मामांचं खरं भांडवल मात्र घड्याळ नाही. ते आहे बैल ओळखणं. इथल्या बैलांच्या नावांत फार फरक नसतो. राजा, सर्जा, बादल, तुफान, लक्ष्या. गावागावांत तीच नावं. स्पीकरवाला "आता येतोय बादल" म्हणाला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि मामा विचारतात, "कोनता बादल? शिंगाला चीर पडलेला का डाव्या खुरानं माती उकरनारा?" माणसांची ओळख आडनावावरून पटते, बैलांची पटते ती खोडीवरून, असं त्यांचं शास्त्र आहे. 'उकरणारा' झेंडीच्या आधीच अर्धा जोर जमिनीत घालवतो. 'कान टवकारणारा' आवाजावर सुटतो, त्याला स्पीकरपासून लांब ठेवावं. आणि 'शेजाऱ्याकडं बघणारा' एकटा कधीच पळत नाही. त्याला जोडीदार भारी मिळाला तर तो वारा, नाही मिळाला तर दोघंही वरातीत निघाल्याच्या चालीनं येतात.

एकदा शेजारच्या गावचा एक हौशी नवा बैल घेऊन आला. चारदाती म्हणून घेतलाय, म्हणाला. मामांनी आधी बैलाभोवती एक फेरी मारली. वशिंडावर हात ठेवला, पोळी चिमटीत धरून सोडली, खूर उचलून आतली फट पाहिली. पाठीवरचा भोवरा पाहून "हं" म्हणाले. हे "हं" शुभ का अशुभ ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग नाकाखाली हात घालून खालचा ओठ अलगद ओढला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच; असतात ते खाली आठ, आणि दुधाचे पडून पक्के येतात ते मधल्या जोडीपासून, बाहेरच्या बाजूला, जोडीजोडीनं. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की बैल जुळला. मामांनी दात पाहिले, अंगठ्यानं चाचपले आणि ओठ सोडला.

"जुळून चार वर्सं झाली याला."

"व्यापारी तर चारदाती म्हनला व्हता मामा."

"चार तर आहेतच. ते वरले चार त्यानं मोजले नसतील."

हौशी गृहस्थ पैसे देऊन चुकले होते. मामांनी मग त्यांना चहा पाजला आणि वर समजावलं, "शेतीला झकास हाय. लाल कंधारी हाय, उन्हाला भिनार न्हाई. पटाचा नाद सोडा आन् औताला लावा." लाल कंधारी आमच्या शेजारच्या नांदेडचं वाण. रंग गडद तांबडा, अंग मध्यम, चारा कमी असला तरी कामाला चिवट. देवणी लातूरकडची. तिच्यातले वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे तीन प्रकार मामा लांबूनच ठिपक्यांवरून सांगतात: अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, खालच्या अंगाला काळे ठिपके तो बालंक्या, सगळ्या अंगावर वेडेवाकडे ठिपके तो शेवेरा. आणि पळायला मात्र खिल्लार, यावर मामांचं आणि त्यांच्या सगळ्या विरोधकांचं एकमत आहे. या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर एवढं एकमत झाल्याचं ऐकिवात नाही.

पटाच्या बैलाचा थाट मामांना मान्य आहे, पण त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. बैलाला बदाम, दूध, अंडी, उडदाचा भरडा. मालकाच्या पोराला बिनदुधाचा चहा. बैलाला रोज मालिश; म्हाताऱ्या बापाची कंबर धरली तर बाम संपलाय. पटाचा बैल औताला जुंपत नाहीत, मोट कधीच गेली, नांगरटीला ट्रॅक्टर आला. म्हणजे ज्या बैलाला शेतात काही काम नाही तोच आता सगळ्यात महागाचा. सांगलीकडं पहिल्या नंबराला थार आणि फॉर्च्युनर देतात हे कळलं तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बैल पळाला आन् गाडीत मालक बसला. बैलाला काय भेटलं?" त्या गाड्यांचं चित्र छापलेला कागद एका पोरानं दाखवला, त्यावर बकासुर नावाच्या बैलाचा फोटो होता. बकासुराचं नाव आमच्याकडंही पोरासोरांच्या तोंडी आहे. मामांनी फोटोतला बैल नीट पाहिला. "बैल चांगला हाय," त्यांनी निवाडा दिला, "पन गाडीत बसायला त्याला येत न्हाई, हे कमिटीनं ध्यानात घ्यायला पायजे व्हतं."

मामांचं सगळं आयुष्य बैलांच्या दातांवर मोजलेलं आहे. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, हे आम्ही शाळेत पाठ केलं. मामांना ते असं आठवतं: "पाटलाचा सोन्या तवा सहादाती व्हता. परभनी जिल्ह्यात त्यानं दोन पट मारले आन् हिंगोली जिल्ह्यात एक." मुलगा जन्मला ते साल म्हणजे लक्ष्या छकड्यासकट विहिरीच्या काठापर्यंत गेला ते साल. लग्नाची तारीख विचारली तर मामा क्षणभर डोळे मिटतात. "आखाजीच्या चार दिस आधी. सर्जा दोनदाती." आतून मामींचा आवाज येतो, "सर्जाचे दात ध्यानात हायेत. आता माझं माहेरचं नाव इचारा त्यास्नी." मामा विषय बदलून वसमतच्या हळदीवर येतात. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हा विषय त्यांना अडचणीत फार उपयोगी पडतो.

मामांच्या आयुष्यात एकच दुष्काळ मोठा. 7 मे 2014. सर्वोच्च न्यायालयानं त्या दिवशी तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि आपल्या बैलांच्या शर्यती दोन्ही बंद केल्या. निकालाची बातमी आली तेव्हा मामांच्या गळ्यात घड्याळ होतं, पण मोजायला काही राहिलं नव्हतं. माणूस सवयीचा गुलाम. मामा बाकी सगळं मोजू लागले. औंढ्याहून येणारी एसटी स्टँडच्या फाटकातून फलाटाला लागेपर्यंत किती सेकंद. हळद शिजवायच्या कुकरनं पहिली वाफ किती मिनिटांत सोडली. लग्नात मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली यायला किती वेळ. एका लग्नात त्यांनी "अकरा सेकंद उशीर" असं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा नवऱ्या मुलाच्या काकांनी त्यांना हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. पंगतीतही मामांनी वाढप्याला घड्याळ लावलं. वाढपी बुंदीपर्यंत येईतो दमला.

त्या वर्षांत काही ठिकाणी पहाटे, लपूनछपून पट झाले म्हणतात. मामांना निरोप यायचे. ते गेले नाहीत. कायद्याची भीती होती असं नाही. "चोरून पळवलेल्या जोडीचा सेकंद कुनाला सांगायचा?" हा त्यांचा सवाल होता. ज्याची फुशारकी मारता येत नाही तो पट त्यांच्या लेखी झालाच नाही.

2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, पण उच्च न्यायालयात तो अडकला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शर्यतींना मुभा दिली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. आता पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत भरावी लागते, बैलांची जनावरांच्या डॉक्टरकडून तपासणी लागते, चित्रीकरण लागतं. काठी नको, पराणी नको, बॅटरीचा करंट नको. अंतर जास्तीत जास्त 1000 मीटर. आमचा पट त्याच्या पासंगालाही पुरत नाही. या अटींवर गावोगावी कुरकुर झाली. सगळ्यांना वाटलं, मामा सगळ्यात पुढं असणार.

मामा मात्र काही न बोलता उठले आणि घरातून मुलाच्या शाळेच्या जुन्या वह्या घेऊन आले. गणिताच्या वह्या, एका पानावर मुलाचे चुकलेले भागाकार, पाठकोऱ्या पानावर मामांचे पट. गाव, तिथी, जोडी, धुरकरी, सेकंद. पन्नास-साठ पानं. त्यांतल्या कित्येक ओळींवर निळ्या पेनानं आडवी रेघ मारलेली होती.

"हे काय मामा?"

"हे पराणीचे सेकंद. बैलाचे न्हाईत."

मामांच्या डोळ्यांदेखत ज्या जोडीला टोचलं, शेपूट पिरगाळली, दारू पाजली, ती जोडी पहिली आली तरी मामांनी घरी येऊन तिची ओळ खोडली होती. दिल्लीचा निकाल यायच्या कितीतरी आधी. पटात मात्र हे कधी बोलले नव्हते. का, असं विचारलं तर म्हणाले, "कमिटीनं बक्षीस देल्लं, आपन कोन अडवनार? वही मपली हाय." एवढं बोलून त्यांनी वह्या पुन्हा फडक्यात बांधल्या. आणि लगेच, असल्या शहाणपणाची भरपाई म्हणून, कमिटीच्या नव्या घड्याळावर अर्धा तास टीका केली.

मागल्या हंगामात पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं त्यांना मोबाइलवर अमेरिकेतला बैल दाखवला. तिकडं बैलावर बसायची अजिंक्यपद स्पर्धा असते. एका हातानं दोर धरायचा, दुसरा हात कशालाही लावायचा नाही आणि आठ सेकंद वर टिकायचं. "आठ सेकंद" ऐकताच मामांनी चष्मा लावला. बैल फाटकातून उसळला, गिरक्या घेतल्या, माणूस हवेत गेला आणि मातीत पडला.

"पळाला कुटं हा? जागच्या जागीच हाय की."

"मामा, तिथं पळायचं नसतं. पाडायचं असतं."

"आन् ह्या बैलाच्या मागल्या पोटाला पट्टा काहून आवळलाय?"

भाच्यानं सांगितलं, त्यानं बैल जास्त उसळतो. मामांनी मान हलवली. रेघ मारायला वही जवळ नव्हती, नाहीतर ती तिथंच पडली असती. मग भाच्यानं बुशव्हॅकर नावाच्या बैलाची गोष्ट सांगितली. त्यानं लागोपाठ 42 स्वार पाडले. शेवटी 2013 मध्ये टल्सा गावात जे. बी. मॉनी नावाचा गडी त्याच्यावर आठ सेकंद टिकला आणि त्याला 95.25 गुण पडले. 2021 मध्ये ब्राझीलच्या जोसे व्हितोर लेमेनं वूपा नावाच्या बैलावर 98.75 गुण काढले. मामांना गडी लक्षात राहिले नाहीत, बैल दोन्ही राहिले.

"शंभरातले अठ्ठ्यान्नव? गडी मास्तरचा पोरगा दिसतो."

"सगळे गड्याचे नसतात मामा. शंभरातले पन्नास गड्याचे, पन्नास बैलाचे. बैल जोरात उसळला नाही तर गडी टिकूनही गुण कमी पडतात. आणि वर्षाचा सगळ्यात भारी बैल म्हणून बैलाला वेगळं अजिंक्यपदही असतं."

मामांनी मोबाइल खाली ठेवला. निम्मे गुण बैलाला, हे ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की पट्ट्याची तक्रारही ते तेवढ्यापुरती विसरले. त्या आठवड्यात भेटेल त्याला त्यांनी हा न्याय सांगितला. ज्याला पट माहीत नाही अशा तलाठ्यालाही सांगितला. "आपल्यात बोर्डावर मालकाचं नाव मोठं, बैलाचं बारीक. आन् हाकनाऱ्याचं तर नसतंच. तिकडं बघा," असं म्हणून ते अमेरिकेच्या दिशेला, म्हणजे साधारण वाशीमकडं, हात करायचे.

यंदा एका गावच्या कमिटीतल्या पोरांनी ठरवलं, मामांचा एवढा अभ्यास वाया का घालवायचा? त्यांनी मामांना पंच नेमलं. शाल दिली, नारळ दिला, छातीला फीत लावली, मंडपात खुर्ची दिली, टेबलावर माइक दिला. "मामांचं घड्याळ तेच पटाचं घड्याळ," असं स्पीकरवरून जाहीर झालं. टाळ्या पडल्या. पहिली जोडी सुटली, मामांचा अंगठा पडला, स्पीकर म्हणाला, "सहा ब्याऐंशी!" आणि मामा सवयीनं तोंड उघडून तसेच राहिले. खोडून काढायला काही नव्हतं. आकडा त्यांचाच होता. दुसरी जोडी आली, तिसरी आली. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेणारा माणूस खुर्चीत बसलेला होता. दुसऱ्या नंबराचे मालक लांबून जात होते, मामांकडं बघत नव्हते. संध्याकाळच्या जेवणाचं आमंत्रण दुपार झाली तरी आलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मामा म्हणाले, "पानी पिऊन येतो." फीत काढून टेबलावर ठेवली, गळ्यातलं घड्याळ काढून शेजारच्या पोराच्या हातात दिलं आणि गेले. खुल्या गटाच्या जोड्या सुरू झाल्या तरी परत आले नाहीत. पोरानंच घड्याळ लावलं. जोडी रेघेवरून गेली, स्पीकर म्हणाला, "सहा एकाहत्तर!"

तेवढ्यात दोराच्या पलीकडून, धुरळ्यातून, ओळखीचा आवाज आला, "कशाचे एकाहत्तर? पंचाहत्तरच्या खाली जोडी आलेलीच न्हाई! कुनी लावलं रे घड्याळ?"

"मामा, घड्याळ तुमचंच हाय की!"

"घड्याळाला कोन नाव ठिवायलंय?" मामा म्हणाले, आणि आजूबाजूच्या पंधरा माणसांकडं वळून त्यांनी उजवा अंगठा वर केला. "अंगठा कुनाचा व्हता ते इचारा."

त्या पंधरांत दुसऱ्या नंबराचा मालक होता. तो पुढं झाला आणि म्हणाला, "मामा, संध्याकाळी घरी या. मटन केलंय."